एकतीस मिलिमीटर

आमच्या विद्यापीठात लेव्हलिंगची यंत्रं आहेत, पण ती कपाटात आहेत, आणि कपाटाची किल्ली ज्या सरांच्या खिशात असायची ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. विषय मात्र अभ्यासक्रमात तसाच राहिला, कारण तो काढून टाकायचा तर सभा भरवावी लागते. म्हणून शेवटच्या वर्षी कारकुनांनी माझ्या हातात एक पिवळा फॉर्म ठेवला. हा एवढा विषय नदीपलीकडच्या विद्यापीठात करायचा, तिथले गुण इथे धरले जातील, तीस तारखेच्या आत आणायचे.

"आणि नाही आणले तर?"

"तर पदवी पुढच्या वर्षी," ते म्हणाले आणि माझ्या मागच्या मुलाकडे बघायला लागले.

पुढचं वर्ष माझ्या हातात नव्हतं. पाणीपुरवठा खात्याचं नेमणुकीचं पत्र घरी कपाटात साड्यांखाली ठेवलेलं होतं, पण ते अटीचं पत्र होतं. महिनाअखेर गुणपत्रिका दाखवली तर नोकरी माझी, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाची. तो पुढचा माणूस कोण हे मला माहीत नव्हतं, तरी मी त्याच्यावर आतापासूनच चिडून होते.

नदीपलीकडच्यांनी गळ्यात अडकवायला एक कार्ड दिलं. फोटोखाली लिहिलं होतं, 'पाहुणा विद्यार्थी'. आईने ते उलटसुलट करून पाहिलं.

"पाहुणी आहेस ना, मग पाहुण्यासारखी वाग. त्यांच्या घरात जाऊन त्यांनाच शहाणपण शिकवू नकोस."

आईला माझा स्वभाव पाठ आहे. घरात मला वावटळ म्हणतात. एका जागी बसून जेवले असं फारसं होत नाही, आणि समोरचा बोलत असताना त्याचं वाक्य मीच पूर्ण करते. त्यात हे दोन विद्यापीठांचं त्रांगडं. आमचा तास बारा दहाला संपायचा, त्यांचा साडेबाराला सुरू व्हायचा, मध्ये एक पूल आणि एक बस. परत यायचं तर चार दहाची बस, कारण पाचला पुन्हा आमच्याकडे तास. तीन महिने मी धड इकडची नव्हते ना तिकडची. वर्गात बसले तरी एक पाय बाकाबाहेर असायचा.

लेव्हलिंग म्हणजे जमिनीचा चढउतार मोजणं. एकाने तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघायचं, दुसऱ्याने समोर आकडे रंगवलेली उंच पट्टी धरायची. दिसला तो आकडा लिहायचा, यंत्र उचलायचं, पुढे जायचं, पुन्हा तेच. सुरुवातीच्या खुणेची उंची यादीत दिलेली असते आणि शेवटच्या खुणेचीही. बेरीज-वजाबाकी करत गेलं की शेवटी यादीतली उंची यायला हवी. चार-आठ मिलिमीटर इकडेतिकडे चालतं.

आमच्याकडे तेही चालायचं नाही. पहिल्या वर्षी थोडं लेव्हलिंग झालं होतं, तेव्हा त्या किल्लीवाल्या सरांना फरक शून्यच लागायचा. शून्य आलं की दहापैकी दहा, त्यामुळे सगळ्यांचंच शून्य यायचं. आधी सुट्या कागदावर आकडे घ्यायचे, मग सावलीत बसून एखादा आकडा जरासा हलवायचा आणि वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचं. याला आम्ही 'गोड करणं' म्हणायचो. लबाडी वगैरे शब्द कुणाच्या मनातही यायचा नाही. अक्षर नीट काढण्यासारखंच ते एक काम होतं.

इथले सर वेगळे होते. वयस्कर, अंगाने बारीक, हळू आवाजात बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मैदानात लिहिलेली वही तीच खरी वही. खोडरबर घरी ठेवा. आकडा चुकला तर आडवी रेघ मारून शेजारी दुसरा लिहा. आणि न पाहिलेला आकडा ज्या वहीत सापडेल, त्या वहीवरची दोन्ही नावं नापास." मी बसचं वेळापत्रक बघत होते. ऐकलं, पण कानांनीच.

जोडीला मला मिळाली सावकाश. हे नाव मीच ठेवलं होतं, मनातल्या मनात, आणि मग एकदा तोंडातून निसटलं. ती रागावली नाही. "घरी पण असंच काहीतरी म्हणतात," म्हणाली. ती पट्टी अशी धरायची की देवळातली समई बरी. पट्टी सरळ उभी आहे का ते दाखवणाऱ्या काचेतल्या बुडबुड्याकडे बघत राहायची, वारा आला तर थांबायची, मी ओरडले तरी थांबायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण एक कबूल करते, तिच्या पट्टीवरचा आकडा कधी थरथरला नाही.

शेवटचं काम म्हणजे मुख्य फाटकाजवळच्या खुणेपासून ग्रंथालयाच्या पायरीत बसवलेल्या पितळी खुणेपर्यंत. यंत्र अकरा वेळा मांडायचं. यावरच अर्धे गुण. आम्ही ग्रंथालयाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मी हिशेब करत होते आणि सावकाश दारातल्या ग्रंथपालबाईंशी बोलत होती. दार जमिनीला घासत होतं. बाई सांगत होत्या, दरवर्षी सुतार येतो, खालून रंधा मारतो, आणि वर्षभरात दार पुन्हा घासायला लागतं.

"किती आलं गं?" सावकाशने विचारलं.

आलं होतं एकतीस. एकतीस मिलिमीटर कमी. चालतात आठ.

"थोडं आहे," मी म्हणाले. "कुठेतरी वाचण्यात चुकलं असेल."

"मग परत मोजू या. फाटकापासून."

"परत? वेड लागलंय का? माझी बस आहे."

"उद्या मोजू."

"उद्या वही द्यायची आहे. तू नको काळजी करूस, मी बघते."

ती माझ्याकडे बघत राहिली, सावकाशच, आणि मग मान डोलावली. बसमध्ये मांडीवर वही ठेवून मी ते बघितलं. सवयीने सगळे आकडे सुट्या कागदावरच घेतले होते. दहा मांडण्यांचे जसेच्या तसे उतरवले. अकराव्या मांडणीचा शेवटचा आकडा एकतीसने कमी केला. पूल संपायच्या आत वही पूर्ण झाली. उतरल्यावर तो कागद फाडून थांब्यावरच्या डब्यात टाकला आणि तासाला पळाले. शपथेवर सांगते, मला त्या दिवशी छान वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात सर वर्गात आले ते एक जुनं जाड रजिस्टर घेऊन.

"ग्रंथालय खचतंय," ते म्हणाले. "बावीस वर्षं खचतंय. यादीतली उंची इमारत बांधली तेव्हाची आहे, मी ती मुद्दाम बदललेली नाही. दरवर्षी तुमच्यासारखे विद्यार्थी मोजतात, आणि मी इथे लिहून ठेवतो. त्यावरून इमारतीला कधी आधार द्यायचा ते ठरणार आहे. यंदा नऊ जोड्यांना एकोणतीस ते तेहतीसच्या मध्ये आलं. एका जोडीचं ग्रंथालय मात्र जागचं हललेलं नाही."

वर्ग हसला. मीही हसले, कारण न हसणारी मी एकटीच राहिले असते.

तास संपल्यावर सावकाशने मला जिन्यात गाठलं. "ती जोडी आपलीच ना? त्या दिवशी तू म्हणालीस थोडं आहे. शून्य म्हणाली नव्हतीस. तू काही बदललंस का?"

खरं सांगायला ती चांगली जागा होती. जिन्यात तिसरं कुणी नव्हतं. पण माझ्या डोळ्यासमोर साड्यांखालचं पत्र आलं.

"छे. घरी परत बेरीज केली तर शून्य आलं. बेरीज चुकली होती."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

तिचा चेहरा मोकळा झाला. आणि मी अडवायच्या आत ती सरांच्या खोलीत शिरलीसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यापेक्षा भरभर चालली. "सर, ती वही आमची आहे. आणि आकडे खरे आहेत. पट्टी मीच धरली होती."

सरांनी चष्मा पुसला. "चुकलेला मी असलो तर मला आवडेल. इमारत खचण्यापेक्षा ते बरं. चला, आत्ताच मोजू. लिहायचं काम मी करतो. पुन्हा शून्य आलं तर तुमची वही मान्य, आणि त्या नऊ जोड्यांना मी परत मोजायला लावीन."

मग पुन्हा फाटकापासून. सर माझ्या शेजारी वही घेऊन उभे, सावकाश पुढे पट्टी घेऊन. त्यांनी एकदाही दुर्बिणीला डोळा लावला नाही. मी म्हणाले, "तुम्ही बघून घ्या ना सर." ते म्हणाले, "बघणारा एक, लिहिणारा एक. तू सांगशील ते मी लिहिणार." त्यांनी संशय घेतला असता तर मला सोपं गेलं असतं. मी भांडले असते, भांडण मला जमतं.

आकडे माझ्या डोक्यात आपोआप जुळतात. त्यामुळे अकराव्यांदा यंत्र मांडलं तेव्हाच मला ठाऊक होतं की शून्य यायला शेवटचा आकडा एक तीनशे एक्क्याण्णव, म्हणजे एक मीटर आणि वर तीनशे एक्क्याण्णव मिलिमीटर, असायला हवा. ग्रंथालयाच्या पायरीवर सावकाश उभी होती, पितळी खुणेवर पट्टी टेकवून, दोन्ही हातांनी, नजर बुडबुड्यावर. मागे दार घासल्याचा आवाज झाला तरी तिने मान वळवली नाही. मी डोळा लावला. काचेत आकडा स्वच्छ दिसत होता. एक चारशे एकवीस.

त्या काचेत माझ्याशिवाय कुणीच बघत नव्हतं. एक तीनशे एक्क्याण्णव म्हणायचं, बस. गुण मिळतील, पत्र खरं होईल, सावकाश सुटेल, मीही सुटेन. आणि ती पट्टी तशीच धरून उभी होती. हात भरून आले असणार तिचे, पण मी खूण केल्याशिवाय ती हलणार नव्हती. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

"एक चारशे एकवीस."

सरांनी लिहिलं. वजाबाकी केली. "तीस," ते म्हणाले, मोठ्याने. पायरीपर्यंत ऐकू गेलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि त्या वहीतलं शून्य?"

"ते मी बसमध्ये केलं. तिला माहीत नव्हतं. मी तिलाही खोटं सांगितलं."

त्यांनी मला रागावलं नाही, समजूतही घातली नाही. फक्त म्हणाले, "नियम दोन नावांचा आहे. मी तिच्यापुरता तो मोडतो. तुझ्यापुरता नाही." काखेतलं रजिस्टर उघडून त्यांनी त्या वर्षाच्या खाली तीस लिहिलं. गुण भरायला दिलेला माझा पिवळा फॉर्म त्यातच होता. तो त्यांनी कोराच माझ्या हातात दिला आणि ते खोलीकडे निघून गेले.

मी हात वर करून खूण करायची विसरले होते. सावकाश अजून पट्टी धरून उभी होती. मी चालत पायरीपर्यंत गेले. चार दहाची बस फाटकाशी लागलेली दिसत होती.

"सोड आता," मी म्हणाले.

तिने पट्टी खाली घेतली. माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दिवशी खरं किती आलं होतं?"

"एकतीस."

ती पट्टीची घडी घालता घालता थांबली.

"एकतीस," ती म्हणाली. "म्हणजे आपलं बरोबर आलं होतं."