दुधीच्या दारातली काडी

मित्रांनो, मी एक जुना, वाळलेला दुधी आहे. हसू नका. ताटात आलो असतो तर तुम्ही नाक मुरडलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण माझी भाजी झालीच नाही. माझं घर झालं, चिमण्यांचं. आणि चिमण्यांच्या आधी त्या घरात दुसरंच कोणीतरी राहायला आलं, अशी कुजबुज आमच्या चाळीत बरेच दिवस चालली होती.

माझगावातल्या त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, रंगाच्या रिकाम्या डब्यात माझा वेल वाढला. तो लावला शरच्चंद्रकाकांनी. गोदीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर काकांना दुधी वाळवून घरटी करण्याचं वेड लागलं होतं. माझ्या भावंडांना काकूंनी कोवळेपणीच चिरलं. मला मात्र काकांनी देठ सुकेपर्यंत वेलावर ठेवलं आणि मग गॅलरीत टांगलं. हळूहळू माझ्या अंगावर काळी बुरशी चढली. मृणालिनीकाकू वैतागल्या.

"अहो, सडलाय तो! टाका की आता."

"हूं," काका पेपराआडून म्हणाले.

काकांचं बोलणं बहुतेक वेळा एवढंच असे. त्यातला होकार कुठला आणि नकार कुठला, ते फक्त काकूंना कळे. हा नकार होता. मी काही सडलो नव्हतो, मी वाळत होतो. आतला गर सुकून बिया सुट्या व्हायला वेळ लागतो. पण त्या सुट्या होण्याआधीच एका दुपारी काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

दहाव्याला घरची मंडळी बाणगंगेवर गेली. तिथलं सगळं मी मागाहून गॅलरीतल्या बोलण्यातून ऐकलं. पिंड ठेवला, पण झाडावरचा एकही कावळा खाली येईना. काकांची मुलगी मेघना हात जोडून म्हणाली, "बाबा, आईला मी सांभाळीन." तरी नाही. काकूंनीही काय काय कबूल केलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. परतताना कोणीतरी म्हणालं, "काहीतरी राहिलंय हो त्यांचं." म्हणणारा विसरला असेल, पण काकूंच्या मनात ते घर करून बसलं.

मग एक दिवस काकूंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी मला कानाशी धरून हलवलं. आतून बिया खुळखुळल्या.

"हाच राहिला होता गं, मेघना," काकू म्हणाल्या.

त्यांनी तारेच्या घासणीने माझी बुरशी काढली. काकांच्या करवतीच्या पात्याने माझं तोंड कापलं, बिया काढल्या, पाणी निघून जायला तळाशी भोकं पाडली. आणि तोंडाखाली एक काडी रोवली.

"आई, बाबा काडी नव्हते लावत," मेघना म्हणाली.

"मग आलेल्याला दारात उभं ठेवायचं? बसायला नको काहीतरी?"

काकूंच्या घरात कधी कोणी उभ्या उभ्या पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. मलाही ती काडी शोभून दिसत होती. शेजारच्या बायका येऊन कौतुक करून गेल्या आणि मी फुगून गेलो.

त्याच दुपारी गोदीकडून वारा सुटला. तो माझ्या तोंडावरून गेला आणि माझ्या पोटातून आवाज निघाला.

"हूं."

काकू जागच्या जागी थिजल्या. हातातला डाव खाली पडला, तो त्यांनी उचललाही नाही. मित्रांनो, मी मुद्दाम काही केलं नव्हतं. वारा आला की तो आवाज आपोआप निघे. पण काकू माझ्याशी बोलू लागल्या. "मेथी करू का?" हूं. "मेघनाला स्थळ आलंय, बघायचं का?" हूं. शेजारच्या बायका आमच्या दारावरून जाताना पावलं उचलून चालू लागल्या. खरं सांगू? मलाही माझ्या आवाजाची भीती वाटू लागली. हा नुसता वाराच आहे ना, असं मी स्वतःलाच विचारत असे.

पुढे एक कावळा आला आणि काडीवर बसला. मान तिरकी करून, चष्म्यावरून बघितल्यासारखा तो काकूंकडे बघत राहिला.

"आलात?" काकू हळूच म्हणाल्या.

त्या दिवसापासून पहिला घास त्याचा. गरम वरणभात, वर तूप.

"आई, कावळा आहे गं तो!"

"असू दे. तुझ्या बाबांना तूप लागतं."

मग चिमण्या आल्या. त्यांनी माझ्या पोटात गवत, कापूस, केस असं काय काय भरलं आणि माझा आवाज बंद झाला. काकू माझ्याखाली उभ्या राहून विचारत, "बोला की हो. रागावलात का?" मला फार वाईट वाटे, पण आवाज निघत नसे. आता काकूंना तो कावळाच तेवढा उरला होता.

माझ्या पोटात दोन पिल्लं चिवचिवू लागली. एका सकाळी काकूंनी भात ठेवला, पण कावळ्याने भाताकडे बघितलंच नाही. काडीवर पाय रोवून त्याने चोच माझ्या तोंडात घातली, एक पिल्लू ओढून काढलं आणि तो उडून गेला. काकू तिथेच उभ्या होत्या.

"आई, काडी काढून टाक," मेघना म्हणाली. "बसायला मिळालं नाही तर तो नाही येणार."

"आणि कधीच आले नाहीत तर?"

दिवसभर काकू माझ्याखाली बसून होत्या. "तुम्हीच आहात ना? मग असं कसं केलंत?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. उरलेलं पिल्लू माझ्या तळाशी चिडीचूप पडलं होतं.

दुसऱ्या सकाळी कावळा परत आला. चिमणी जिवाच्या आकांताने ओरडत सुटली. कावळ्याची चोच आत शिरली आणि काकू ताडकन उठल्या.

"जा! अहो, जा म्हणते ना! लहान जीव आहे आत!"

त्यांनी पदर झटकून त्याला उडवलं आणि दोन्ही हातांनी काडी उपटली. माझ्या सालीचा टवकाही तिच्याबरोबर निघाला. कावळा समोरच्या तारेवर बसला, तिरक्या मानेने थोडा वेळ बघत राहिला आणि गोदीच्या दिशेने उडून गेला. काकू तिथेच खाली बसल्या. बाणगंगेवर त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं म्हणे. आता मात्र त्या मोठ्याने रडल्या.

"हाकललं गं मी त्यांना," एवढंच त्या म्हणत होत्या. मेघना त्यांना धरून बसली.

ते पिल्लू वाचलं आणि पंख फुटल्यावर उडूनही गेलं. त्यानंतर काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. आता मला तडा गेला आहे आणि येणारं-जाणारं कोणी माझ्याकडे बघतही नाही.

तो कावळा कोण होता, ते मला आजही सांगता येणार नाही. पण मित्रांनो, ते काकाच आहेत असं मानूनही काकूंनी त्यांना हाकललं, आणि ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. तुम्ही कधी दुधीचं घरटं केलंत, तर आतल्या जिवाचा विचार आधी करा. तोंड लहान ठेवा. आणि काडी लावू नका.