तोटीवरची हळद

शालनमावशींच्या पाळणाघराचा निम्मा कारभार अंगणात चालायचा, आणि त्याला कारणही तसंच होतं. विश्रांतवाडीतलं त्यांचं घर दोन खोल्यांचं, आणि न्हाणी एवढीशी की बाई आत शिरली तर बादली बाहेर ठेवावी लागे. त्यात सात मुलं, त्यांतली चार डायपरची. म्हणून दारापुढच्या शेवग्याखाली त्यांनी सिमेंटचा कट्टा बांधून घेतला होता. त्यावर रेक्झिन अंथरायचं, मूल आडवं करायचं, डायपर बदलायचा, जुना झाकणाच्या डब्यात टाकायचा आणि शेजारच्या पिंपाच्या तोटीवर हात धुवायचे. तोटी पितळी होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या सीतारामरावांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, ती स्वतः बसवली होती. साबण जाळीच्या पिशवीत घालून तोटीलाच टांगलेला.

साल दोन हजार सहा. येरवड्याकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि तिथे कामाला जाणाऱ्या पोरी सकाळी सव्वाआठला आपली लेकरं मावशींच्या कडेवर देऊन स्कूटीवरून पसार व्हायच्या. कुणाची सासू गावाला, कुणाची आई त्याहून लांब. मावशी नसत्या तर त्यांतल्या निम्म्या जणींनी नोकरी सोडून दिली असती.

मावशींना स्वच्छतेचं वेड होतं आणि पाणी जपायचं त्याहून मोठं. नळ सकाळी तासभर यायचा, तेवढ्यात पिंप भरून दिवस काढायचा. म्हणून त्यांनी शिस्तच लावली होती : तोटी उघडा, हात ओले करा, तोटी बंद करा, साबण लावा, तोटी उघडा, हात धुवा, तोटी बंद करा. दोन-अडीच वर्षांची पोरंही ते पाढ्यासारखं म्हणत रांगेत उभी राहायची. मावशी स्वतःही तसंच करायच्या आणि त्याचा त्यांना चांगलाच अभिमान होता.

ऑगस्टात मुलांना जुलाब सुरू झाले. आधी पूर्वा, मग चौदा महिन्यांचा अभिनव, मग आणखी एक. पूर्वाची आई श्यामला फाटकातच उभी राहून म्हणाली, "काय आहे ना मावशी, तुम्ही हे सगळं उघड्यावर करता. घाणच ती. आम्हाला असल्या गोष्टींची सवय नाही." आणि पूर्वाची पिशवी उचलून गेली. दुसऱ्या दोघींनी 'सोमवारपर्यंत बघतो' म्हणून सांगितलं.

घाण हा शब्द शालनमावशींच्या घराण्याला नवा नव्हता. त्या शब्दाकडे पाठ फिरवूनच त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पाळणाघर बंद पडलं असतं तरी पेन्शनवर दोघांचं भागलं असतं. पण या कारणाने बंद पडलं, तर गल्लीत मान वर करून चालायचं कसं, हे मावशींना समजत नव्हतं. तीन दिवस त्यांनी कट्टा फिनेलने इतका घासला की पायाखालच्या मुंग्यासुद्धा घर बदलून गेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी अभिनवची आई नम्रता आली. वर्ध्याची पोरगी, एका आयटी कंपनीत टेस्टिंगला. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचा तिला पगार मिळायचा.

"मावशी, उद्या मला सुट्टी आहे. मी इथे बसून नुसती पाहू का?"

नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर तपासणी. "बसा की," त्या म्हणाल्या. "खुर्ची घालते."

शनिवारी ती खुर्चीवर न बसता पायरीवर बसली आणि दोन तास नुसती पाहत राहिली. खुद्द सासू बघत बसली असती तर परवडली असती, असं मावशींना वाटून गेलं. मग नम्रता उठली आणि म्हणाली, "थोडी हळद देता?"

हळद पाण्यात कालवून तिने मावशींच्या बोटांना लावली. "आत्ताच डायपर बदललाय असं समजा. आता रोजच्यासारखे हात धुवा."

मावशींनी धुतले. सगळी शिस्त पाळून, चोळून चोळून धुतले. हात दाखवले तेव्हा नखांच्या कडेला पिवळी रेघ तेवढी उरली होती.

"आता मुलांना खाऊसाठी हात धुवायला बोलवा."

त्या दिवशी अभिनव सोडून चारच मुलं होती. पाढा म्हणत एकेकाने तोटी उघडली, बंद केली, उघडली, बंद केली. शेवटी नम्रताने त्यांचे तळहात उलटे करून पाहिले. चौघांच्याही हातांवर पिवळे डाग होते. तोटी पिवळी झालेली, आणि साबण हळद लागून लाल झालेला.

मावशी कट्ट्यावर बसल्या. घाण हाताने तोटी उघडायची, घाण हातानेच बंद करायची आणि धुतलेला हात पुन्हा तिलाच लावायचा. पाणी वाचवायच्या नादात दिवसातून दहा वेळा त्यांनी हेच केलं होतं, वर लेकरांनाही शिकवलं होतं.

"म्हणजे मीच आजारी पाडलं पोरांना," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून बंद करते मी. तुम्ही दुसरीकडे बघा."

पेपर वाचत बसलेले सीतारामराव उठून आले, तोटीकडे बघत राहिले. "आमच्या कारखान्यात स्फोटकांच्या खोलीच्या दारात गुडघ्याएवढी भिंत असायची. बाहेरची माती आत जाऊ नये म्हणून बाहेरचे बूट अलीकडे, आतले पलीकडे. एवढी वर्षं ती भिंत ओलांडली, आणि घरच्या तोटीला अलीकड-पलीकड ठेवायचं मला सुचू नये." ते आत जाऊन तांब्या घेऊन आले. "हा फक्त स्वच्छ हातात राहील. तू डायपर बदललास की मला हाक मार. मी पाणी घालीन." लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी या गृहस्थांनी स्वतःचा पेला मोरीत नेऊन ठेवला नव्हता.

इतक्यात अभिनवने कार्यक्रम उरकला. मावशी सवयीने उठू लागल्या, तर नम्रता म्हणाली, "तुम्ही थांबा." तिने त्याला कट्ट्यावर घेतलं, पुसलं, नवा डायपर बांधून पायरीवर बसवलं. मग घाण हात तसेच पुढे धरून ती सीतारामरावांकडे न जाता मावशींपुढे उभी राहिली.

"मावशी, पाणी घाला."

मावशींनी तांब्या हातात घेतला. त्यांची आजी सांगायची, विहिरीवर तासन्‌तास थांबावं लागे, कुणीतरी वरून ओंजळीत पाणी सोडेपर्यंत. आपल्या हातचं पाणी कुणी घेईल ही गोष्टच नव्हती. पहिली धार जमिनीवर गेली. मग त्या बारीक धार धरून पाणी घालत राहिल्या. नम्रताने साबण लावला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, पुन्हा हात पुढे केले. सगळं मिळून अर्धा तांब्यासुद्धा लागला नाही.

"सोमवारी सव्वाआठला येते," ती म्हणाली. "आणि त्या दोघींना मी फोन करते. काय चुकत होतं, ते नीट सांगते."

त्या दोघी राहिल्या. जुलाब आठवड्याभरात थांबले. पूर्वा मात्र परत आली नाही, आणि मावशींनीही तिची वाट पाहिली नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी मुलं गेल्यावर सीतारामरावांनी विचारलं, "बरं वाटतंय ना आता?"

"ती चूक शोधायला आली होती," मावशी म्हणाल्या, "आणि चूक तेवढीच शोधून गेली. आपल्याकडे आजवर असं कोण आलं होतं, सांगा बरं." आणि आठवडाभर आवरून धरलेलं रडू त्यांना त्या कट्ट्यावरच आलं.