कवळीवाल्याचे मदतनीस

"खुर्च्या मांडू की नको, ते एकदाच सांग," ताई म्हणाली. "बारा म्हणालास, आलेत तीन. त्यातला एक दारातच फोनवर लटकलाय."

"येतील," कवळीवाला म्हणाला. "आणि नाही आले तर बरंच. गर्दी वाढली की अक्कल पातळ होते."

तो कवळ्या करायचा. घरातच कारखाना, कपाटावर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले. उरलेल्या वेळात, गेली कित्येक वर्षं, आंधळ्या माणसांना कॉम्प्युटरचा पडदा वाचून दाखवणारा एक प्रोग्राम तो सांभाळत होता. प्रोग्राम फुकट होता. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा अशी सगळ्यांना सूट होती. सूट होती, हात लावलेला मात्र त्याला खपत नसे.

पुढच्या महिन्यात कॉम्प्युटरची सिस्टीम बदलणार होती आणि प्रोग्रामची वाचा कायमची बसणार होती. नव्या सिस्टीमसाठी तो एकट्याने वेळेत दुरुस्त करणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने दात-ओठ खात निमंत्रण लिहिलं.

सर्वांचं मनापासून स्वागत आहे.

(मनापासून हा शब्द ताईने घुसडला.)

अनुभव नसला तरी चालेल.

(चालत नाही. मागे एका अनुभव नसलेल्याने पूर्णविराम गाळले, तर प्रोग्राम दम न घेता बडबडत सुटला होता.)

आपण सगळे मिळून हे करू.

(सगळे! सगळे म्हणजे दोन दिवस धुमाकूळ, मग शुकशुकाट.)

दारातला फोन संपवून दाढीवाला आत आला आणि बसायच्या आधीच बोलू लागला. "सर, पहिलं म्हणजे लोगो बदलायला पाहिजे. फारच डल आहे."

"ज्यांच्यासाठी आहे त्यांना तो दिसत नाही."

"हो, पण देणगीदारांना दिसतो ना!"

दुसरा कॉलेजचा विद्यार्थी. "सर, सर्टिफिकेट मिळेल ना? सही-शिक्क्यासकट?"

"शिक्का दातांचा आहे. उमटवू?"

तिसरी एक बाई, येण्याचं न कळवताच आलेली. वीजबिलाच्या ऑफिसात क्लार्क. तिने टेबलावरचे दोन जबडे हलकेच बाजूला सारले आणि आपला लॅपटॉप उघडला.

"माझ्या सासऱ्यांना हाच प्रोग्राम बिलं वाचून दाखवतो," ती म्हणाली. "पण रक्कम सुटी सुटी सांगतो. एक, दोन, शून्य, शून्य. मग ते मला ऑफिसात फोन करतात, अगं, बाराशेच ना? साहेब बघत असतात."

"माहितेय मला," कवळीवाला म्हणाला. "वेळ मिळाला नाही."

दाढीवाला ताईला लोगोचे रंग समजावत होता. विद्यार्थी बिस्किटं संपवत होता. बाईने थोड्या वेळाने एक बटण दाबलं आणि प्रोग्राम आपल्या सपाट आवाजात म्हणाला, "बाराशे."

"अगंबाई!" ताईने टाळीच वाजवली.

कवळीवाला वाकला. तिने लिहिलेली ओळ न् ओळ त्याने वाचली. चूक नव्हती. त्यामुळे तो जास्तच बिथरला. नावं लांबलचक, मधे मोकळ्या जागा वाट्टेल तशा, जणू पडवीत पसरलेला संसार. तिचा बदल त्याने आपल्या कॉम्प्युटरवर घेतला, पुसून टाकला आणि तेच सगळं आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिलं.

"चुकलं होतं का?" बाईने विचारलं.

"नाही."

"मग?"

"माझ्या हातचं नव्हतं. दुसऱ्याने घासलेला दात मी गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवत नाही." त्याने बटण दाबलं.

"बाराशे." तोच आवाज, तसाच.

बाईने पर्स खांद्याला लावली. "सासऱ्यांना सांगते, दुरुस्त झालं म्हणून," ती म्हणाली आणि गेली. तिच्यामागे विद्यार्थी सटकला. दाढीवाला मात्र लोगो ईमेलने पाठवायचं वचन देऊनच हलला.

"तिने तुझं काय घोडं मारलं होतं रे?" ताईचा आवाज चढला. "जिच्यात दम होता तिला हाकललंस!"

"हाकललं नाही. फक्त नीट केलं."

"जन्मभर हेच केलंस. बायकोने चिरलेली भाजी परत चिरायचास. आता चीर एकटा!"

ताई कपबशा घेऊन आत गेली. तो पडद्यासमोर बसला. मग त्याने आपल्या ओळी काढल्या आणि त्या बाईच्या परत आणल्या, त्यातल्या वेड्यावाकड्या मोकळ्या जागांसकट. त्याची बोटं शिवशिवत होती. ती त्याने मांडीखाली दाबून धरली. आभाराच्या पानावर तिचं नाव घालायला गेला, तेव्हा लक्षात आलं की ते विचारलंच नव्हतं.

"ताई, त्या बाईंचं नाव काय गं?"

"मला विचारतोस?" आतून उत्तर आलं.

आभाराच्या पानावर त्याचं एकट्याचं नाव राहिलं. प्रोग्राम त्याने तसाच सगळ्यांना धाडला.

संध्याकाळी ऑपरेटरकाकांचा फोन आला. टेलिफोनच्या कचेरीत जन्म काढलेला हा आंधळा म्हातारा नवा प्रोग्राम आला की सगळ्यात आधी चालवून बघायचा.

"अहो, रक्कम बरोबर वाचतोय की! कुणी केलं?"

"एका बाईंनी."

"वा! आणि पुढच्या महिन्याचं काय? नवीन सिस्टीम आल्यावर?"

"बघू."

"बघू काय? आम्ही मुके नाही, आंधळे आहोत. हा मुका झाला तर आमचं कसं? एकूण किती जण आहात तुम्ही?"

या प्रश्नाला तो नेहमी छाती काढून सांगे, टीम आहे आमची.

"दोघं होतो," तो म्हणाला. "आज दुपारी. अर्धा तास."