रणगाड्याचं पॅकिंग

पॅकिंगवाल्याचं सगळं आयुष्य वस्तू हलू न देण्यात गेलं होतं. काचेच्या दिव्यांच्या कारखान्यात तो अकरा वर्षं खोकी भरत होता. त्याने बांधलेलं झुंबर खड्ड्याखड्ड्यांतून चार दिवस आदळत गेलं, तरी पोचेपर्यंत त्याचा एक लोलक जागचा हलायचा नाही. अशा माणसाच्या घरात जी मुलगी जन्माला आली, ती नऊ महिन्यांची झाली आणि एका जागी मिनिटभर टिकेना. कोपरांवर जोर देत, वाटेत येईल ते आडवं करत ती पुढे सरकायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं रणगाडा.

गुरुवारी सकाळी तो तोंड धुवायला गेला आणि रणगाडा पलंगावरून खाली आला. नशीब, खाली धुवायच्या कपड्यांचा ढीग होता. ओरखडाही उठला नाही, उलट ती हसली. पण दारात सासूबाई उभ्या होत्या.

त्याची बायको बाळंतपणानंतर पुन्हा नोकरीवर रुजू झाली, म्हणून त्या मदतीला येऊन राहिल्या होत्या. बत्तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी दिवसातून दोनदा घरभर राउंड घेतच.

"सोमवारपासून ही माझ्या खोलीत, कठड्याच्या पलंगात झोपेल," त्या म्हणाल्या.

"आई, अहो, एकदाच तर पडली."

"जावईबापू, वॉर्डात आणलेलं प्रत्येक मूल एकदाच पडलेलं असायचं."

तो पहाटे पाचला घर सोडायचा, परतायचा तेव्हा पोरीचे डोळे मिटायला आलेले असत. त्याच्या वाट्याला लेक यायची ती झोपेतच. तिची टाच त्याच्या बरगडीत, मूठ त्याच्या कानात. तेवढंही भिंतीपलीकडे गेलं, तर उरणार काय? मोबाइलमधले फोटो.

"मला एक संधी द्या," तो म्हणाला.

सासूबाईंनी विचार केला. "रविवारी दुपारी एक तास. तुमच्या गादीवर, तुमच्या शेजारी. पडली तर विषय संपला."

पॅकिंगवाल्याने कंबर कसली. शनिवारी मुकादमाला विचारून त्याने फोमचे तुकडे, हवेचे फुगे असलेलं प्लास्टिक आणि पुठ्ठ्याचे कोपरे घरी आणले. पलंग आणि भिंत यांच्यातली फट ठासून बुजवली. रजयांच्या वळकट्या केल्या, उशांचा तट उभारला. बायको खोलीत आली तेव्हा तो पलंगावर एक कलिंगड लोटत होता.

"हे काय चाललंय?"

"चाचणी."

"आणि कलिंगडाला फ्रॉक कशाला घातलाय?"

"घसरण सारखी यायला हवी ना!"

"टोपडंही घाल. गारठेल बिचारं."

कलिंगड तीनदा गडगडलं आणि तिन्ही वेळा तटाला टेकून निमूट थांबलं. त्या रात्री पॅकिंगवाल्याला गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी सासूबाई पाहणीला आल्या. त्यांनी भिंतीकडच्या फोममध्ये एक बोट खुपसलं. ते दोन पेरं आत गेलं.

"तिचं तोंड इथे रुतलं तर?"

त्यांनी उशांच्या तटावर हात ठेवला.

"या उशीखाली गेली तर? हे प्लास्टिक नाकावर आलं तर?" त्यांच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "काचेला श्वास घ्यावा लागत नाही, जावईबापू."

त्यांनी काही सांगायच्या आत तो स्वतःच एकेक वस्तू उपसायला लागला. फोम गेला, प्लास्टिक गेलं, उशा-रजया गेल्या. फ्रॉक घातलेलं कलिंगड बायकोने काखेत मारून स्वयंपाकघरात नेलं आणि ती औषधांच्या दुकानात कामावर निघून गेली.

उघड्याबोडक्या पलंगावर तो डोकं धरून बसला. पलंग गुडघ्याहून उंच. रणगाडा खाली जमिनीवर होता आणि पलंगाचा पाय धरून उभं राहू पाहत होता. पडली. पुन्हा उभी राहिली. पुन्हा पडली. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ती तिच्याच उंचीवरून पडत होती.

पॅकिंगवाला उठला आणि पाना शोधायला लागला.

अकरा वाजेपर्यंत पलंग सुटा होऊन बाहेर भिंतीला टेकलेला होता. गादी खोलीच्या मधोमध जमिनीवर, चारही भिंतींपासून लांब. चादर ताणून घट्ट खोचलेली. गादी कडक म्हणून तो रोज करवादायचा. आज पहिल्यांदाच तिच्यावरून त्याने मायेने हात फिरवला.

मग शिकवणी सुरू झाली. पोरीला पालथं करायचं, पाय कडेकडे ओढायचे, पाय जमिनीला लागले की टाळ्या. ती पुन्हा चढे आणि डोकं पुढे करून खाली झेपावे. तो पुन्हा तिला वळवी. बाराव्यांदा ती आपणहून वळली. तेराव्यांदा विसरली. शेवटी दोघांनाही घाम फुटला.

दुपारी सासूबाई घड्याळ घेऊन दाराशी खुर्चीवर बसल्या. "तुम्हीही डोळे मिटायचे. जागं राहून काय, कुणीही सांभाळेल."

पोरगी झोपली. तो झोपेचं सोंग घेऊन पडला. बऱ्याच वेळाने तिचा एक डोळा उघडला, मग दुसरा. रणगाड्याने बापाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि थेट कडेकडे मोर्चा वळवला. डोकं पुढे! त्याचा जीव टांगणीला लागला. हात आपोआप उचलला गेला, पण सासूबाईंचं बोट त्याआधी वर गेलं होतं.

कडेशी ती थांबली. खाली डोकावून पाहिलं. मग मागे घेताना ट्रक वळवतात तसं बूड वळवलं, एका पायाने जमीन चाचपली आणि हळूच खाली आली. तडक आजीपाशी जाऊन तिने चपलेचा पट्टा तोंडात धरला.

"पडली," सासूबाई म्हणाल्या. "अठ्ठाविसाव्या मिनिटाला."

"उतरली!" तो ताडकन उठला. "आई, पडणारं माणूस आधी पाय टेकवून बघतं का हो?"

सासूबाईंनी आपल्या खोलीतल्या कठड्याच्या छोट्या पलंगावर सकाळीच नवी चादर घातली होती, तीही बदकांची. ते त्याने पाहिलं होतं. पण बत्तीस वर्षांत त्यांनी रुग्णाच्या कागदावर एक खोटी ओळ लिहिली नव्हती. त्यांनी नातीच्या तोंडातून चप्पल सोडवून घेतली.

"उतरली," अखेर त्या म्हणाल्या, जणू कुणी दाढ उपटत होतं. आणि लगेच, "म्हणजे आता सगळी खोलीच तिची झाली. कपाट भिंतीला पक्कं केलंय? प्लगला झाकण कुठाय? पडद्याची दोरी लोंबतेय ती कुणासाठी? बघा सगळं. अहं, उभ्याने काय दिसणार? रांगा."

"काय?"

"रांगा. तिला जे दिसतं ते तुम्हाला दिसायला हवं."

पॅकिंगवाला रांगायला लागला. बाप आपल्या उंचीवर आलेला पाहून रणगाडा आनंदाने किंचाळत त्याच्या मागे लागला.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं तेव्हा नवऱ्याचं डोकं कपाटाखाली होतं, लेक त्याच्या पोटऱ्यांवर बसून थापट्या मारत होती आणि आई गादीवर मांडी घालून सूचना देत होती.

"मग? जिंकलं कोण?"

"पोरगी झोपेल इथेच," आई म्हणाली. "पण आधी पलंगाचे तीन बोल्ट सापडूदेत, हिच्या तोंडात जायच्या आत. ह्यांनी पलंग खोलताना मोजलेसुद्धा नाहीत!"