डब्यावरचे ठिपके

जुन्या छिन्न्या, पंच, कानशी बघायला मी शिळफाट्यावर झाकीरभाईंच्या दुकानात महिन्यातून दोनदा तरी जातो. या खेपेला शेजारची अक्षदा बरोबर होती. पाचवीतली पोर. खांद्याला दप्तर आणि हातात पितळी तांब्या.

तिचे आजोबा मोहोपाड्याला कारखान्यात फिटर होते. घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव त्यांनीच घातलेलं, आपल्या सेंटर पंचाने, म्हणजे ठिपका ठोकायच्या टोकदार पोलादी सळीने, ठिपक्याला ठिपका लावून. गेल्या वर्षी ते गेले. पाडव्याच्या आवराआवरीत आजीने, इंदूबाईंनी, त्यांची हत्यारांची पेटी भंगारात देऊन टाकली. आता सोमवारी तिचा धाकटा भाऊ विठू पहिल्यांदा शाळेत जाणार होता. त्याच्या डब्यावर नाव आजोबांच्याच पंचाने घालायचं, असा अक्षदाचा हट्ट. आमच्याकडचा भंगारवाला हत्यारं झाकीरभाईंनाच विकतो, हे मला ठाऊक होतं.

"चाचा, माझ्या आजोबांचा पंच कुठंय?"

झाकीरभाई हसले. "बेटा, आमी वजनावर घेतो, नावगाव इचारत नाय. त्या पिंपात बघ. पन आजच बघ, उद्या सगळा माल टेंपोत भरून भट्टीला चाललाय."

पिंप उपडं केलं. चाळीसेक पंच निघाले.

"तात्या, आता ओळखायचा कसा?" अक्षदाने मला विचारलं.

"प्रत्येक पंचाचा ठिपका थोडा वेगळा पडतो. तांब्यावरच्या ठिपक्यांशी जुळवून बघू."

त्यासाठीच मी तिला घरातलं सगळ्यात जुनं भांडं आणायला सांगितलं होतं. तांब्या आजीच्या लग्नातला. वाकलेले, टोक मोडलेले पंच मी आधीच बिनकामाचे म्हणून बाजूला टाकले. उरलेले एकेक करून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठोकले. अक्षदा माझ्या भिंगातून बघत होती. तांब्यावरचे ठिपके बारीक, गोल. पत्र्यावर हुबेहूब तसे सहा निघाले.

"घेऊन जा सहाच्या सहा," झाकीरभाई म्हणाले. "एक तरी आजोबाचा निघंल."

"मला आजोबा एकच होते," अक्षदा फणकारली.

तिने दप्तरातून डबा काढला आणि पायरीवर बसून पोळीचा घास मोडला. तो तसाच हातात राहिला. ती झाकणाकडे बघत होती.

"तात्या, भिंग द्या जरा."

झाकणावर तिचं नाव होतं. त्यातला एकही ठिपका गोल नव्हता. प्रत्येक एका बाजूने चपटा, नख उमटल्यासारखा.

"हे कधी घातलं गं त्यांनी?"

"मी पहिलीत गेले तेव्हा. तांब्या तर पन्नास वर्षांचा."

मधल्या काळात टोकाची कपची उडाली असणार! सगळ्यात जुनं भांडं नव्हे, त्यांनी शेवटी नाव घातलेलं भांडं हवं होतं. "माझंच चुकलं," मी म्हणेपर्यंत ती मी टाकून दिलेल्या ढिगाशी पोचली होती. दोन पंच ठोकून झाले. तिसऱ्याने पत्र्यावर नख उमटवलं. तिने शेजारी झाकण ठेवलं, भिंग धरलं आणि हात उंच करून ओरडली.

"टोक मोडलेल्याचं काय घ्यायचं?" झाकीरभाई म्हणाले. "ने तसाच."

"आण इकडे," दुकानातला ग्राइंडर चालू करत मी म्हटलं. "टोक घासून नीट करून देतो."

तिने मूठ घट्ट मिटली. "नको! मग विठूचे ठिपके माझ्यासारखे कसे पडतील?"

मी ग्राइंडरचं बटण बंद केलं.

मग ती पत्र्यावर 'वि' गिरवायला बसली. पहिला ठिपका तिरका गेला. तिने झाकण पुन्हा न्याहाळलं, पंच बोटांत फिरवला.

"आजोबांनी चपटी बाजू खाली धरलीय," ती स्वतःशीच म्हणाली. मी पत्रा हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला.