पटातून सुटलेला हरण्या

दुर्गाबाईला दोन जिवांची धास्ती होती, आणि त्या दिवशी दोघेही तिच्यासोबत अमरावतीला निघाले होते. एक हरण्या, दावणीचा पांढरा गवळाऊ बैल. दुसरा तिचा नवरा, खुशालराव.

तिवशाच्या पंचक्रोशीत शंकरपटाची, बैलजोड्यांच्या शर्यतीची, गोष्ट निघाली की खुशालरावांचं नाव निघायचंच. छकड्यावर उभं राहून जोडी अशी सोडायचे की बघणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी. हरण्या आणि सर्जा ही त्यांची शेवटची जोडी. एका पटात भर वेगात छकड्याचं चाक निखळलं. सर्जाचा पाय मोडला आणि तो तिथंच गेला. खुशालरावांच्या मांडीचं हाड मोडलं. ते महिनोन् महिने खाटेवर होते. उठले तेव्हा एक पाय आखूड झाला होता. पुन्हा असे पडलात तर उठणार नाही, असं अमरावतीच्या इर्विन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं. खुशालरावांनी मान डोलावली, घरी येऊन पटाचा छकडा देऊन टाकला आणि त्यानंतर पटाचं नाव काढलं नाही. दुर्गाबाईला याच गोष्टीची जास्त काळजी वाटायची. शिव्या घालणारा माणूस कळतो, गप्प बसलेला कळत नाही.

हरण्या तेवढा उरला. पटाचा बैल म्हणजे धावण्यापुरता बैल. नांगराला जुंपला तर नांगर घेऊन पळणार, बंडीला जुंपला तर बंडी उलटवणार. म्हणून पटातून निघालेल्या बैलाला कोणी शेतकरी दारात उभं करत नसे. लोक त्याला बाजारात नेत आणि घेणारा कशाला घेतो हे विचारत नसत. हरण्यालाही न्यायचं ठरलं होतं. दोर सोडायला दुर्गाबाई गोठ्यात गेली, तेव्हा त्याच्या मागच्या अंगावर पराणीच्या टोकदार खिळ्याचे टोचे तिला पहिल्यांदा नीट दिसले. बोटभर जागा मोकळी नव्हती. ती तशीच परत आली आणि म्हणाली, "राहू द्या त्याले."

मग तिनं त्याला चालायला शिकवलं. ऐकणाऱ्याला नवल वाटेल, पण हरण्याला चालता येत नव्हतं. उभं राहणं आणि पळणं, एवढंच त्याला ठाऊक. कासरा ताणला की सुटायचं, ही त्याची विद्या. दुर्गाबाई कासरा सैल धरून त्याच्याबरोबर विहिरीपर्यंत जायची, परत यायची. गाव हसलं. दोनदा त्यानं तिला फरफटत नेलं. पण पुढच्या पोळ्यापर्यंत तो पाण्याची बंडी ओढायला लागला, आणि शेजारची पोरं त्याच्या पुढ्यात कडबा टाकायला लागली.

तिवशाच्या ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर वामनराव हे सगळं बघत होते. पटातून काढलेले बैल सांभाळणारी आणखी काही माणसं त्यांनी जिल्ह्यात आणि अकोल्याकडे शोधली होती. या बैलांना घेऊन जत्रेत, बाजारात, प्रदर्शनात उभं राहायचं, लोकांना हात लावू द्यायचा, असा त्यांचा बेत. नुसतं भाषण कोणी ऐकत नाही, बैलच बघू द्या, असं ते म्हणत. दुर्गाबाई लहानसहान बाजारांत दोन-तीनदा उभी राहिली होती. बायका पोरांना घेऊन यायच्या, हरण्याच्या वशिंडावर हात फिरवायच्या. तेवढा वेळ दुर्गाबाई श्वास धरून असायची. हात पोराचा, पण जीव तिचा टांगलेला.

अमरावतीचं शेतकी प्रदर्शन म्हणजे मोठा मामला. खुशालराव आपणहून म्हणाले, मीही येतो. तिला नाही म्हणता आलं नाही.

मैदानावर पोचल्यावर तिला कळलं की प्रदर्शनाच्या पलीकडच्या पडीक जमिनीवर, पडीत, पटही ठेवला आहे. वामनरावांना ते आदल्या दिवशी कळलं होतं. त्यांचा चेहरा ओशाळा झाला. तुम्हाला परत जायचं तर मी काही म्हणणार नाही, असं ते म्हणाले. दुर्गाबाईनं खुशालरावांकडे पाहिलं. ते हरण्याला पाणी दाखवत होते, जणू काही ऐकलंच नाही. परत जायचं म्हटलं तर का, ते त्यांना सांगावं लागलं असतं. ती राहिली.

मंडपात त्यांच्या शेजारी अकोल्याहून आलेली पंचफुला होती, एका थोराड तांबड्या बैलासोबत. हा बैलही पटातलाच. आता तो तिच्या वस्तीत पाण्याची टाकी ओढायचा. पंचफुला मोकळ्या गळ्याची बाई. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून बोलवायची आणि बैलाच्या शिंगाला हात लावायला लावायची. संत्र्यांच्या मांडवातून निघालेली माणसं इकडे वळू लागली. एक म्हातारी हरण्याच्या गळ्याशी गाल लावून उभी राहिली. एका शिक्षकानं अख्खा वर्ग आणला. दुर्गाबाई सगळ्यांना तेच सांगत होती: मागून येऊ नका, कासरा ओढू नका, हळू बोला. सांगताना तिचा एक कान पलीकडे होता.

पहिली आरोळी उठली तेव्हा हरण्यानं मान वर केली. कान उभे झाले, पाठीवरची कातडी थरथरली. तिनं त्याच्या मानेखाली हात घातला. आतली नाडी तिच्या पंजाला ठोके देत होती. पोरांना तिनं मागं सारलं. तो सुटला नाही. दुसऱ्या आरोळीला तो तसाच थरथरला, पुन्हा उभा राहिला. तिला थोडं हायसं वाटलं आणि तिनं मागं वळून पाहिलं. खुशालराव बसले होते ती पेटी रिकामी होती.

चहा प्यायला गेले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात पाणी आणायला गेलेली पंचफुला लगबगीनं परत आली.

"बाई, तुमचे मालक पटाकडं हायेत," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मोर्शीच्या मोतीराम पाटलाचा धुरकरी तापानं पडला म्हणे. पाटील त्याइले गळ घालून राहिला."

छकडा हाकायला माणूस हवा होता, आणि पाटलानं तो हेरला होता. वामनराव मंडपाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्यातरी अधिकाऱ्यासोबत होते. पंचफुलाला आता तिचाच बैल सांभाळायचा होता. हरण्याला बांधून जावं तर परक्या गर्दीत त्याला एकट्याला बांधलेलं सोसत नव्हतं. आरोळी उठली आणि तो खुंट उपटून या पोराबाळांतून सुटला, तर? आणि इथंच थांबावं, तर तिकडे?

तिनं फार विचार केला नाही. कासरा हातात घेतला आणि हरण्याला घेऊनच निघाली.

मैदान ते पड, अंतर काही फार नव्हतं, पण तिला ते सरेना. लोक वाट देत होते. कोणीतरी हरण्याला ओळखलं. खुशालरावांचा बैल, खुशालरावांचा बैल, अशी कुजबुज पुढं पुढं गेली. पडीच्या कडेला ती पोचली आणि नेमकी तेव्हाच एक जोडी सुटली. हलग्या कडाडल्या, गर्दी ओरडली, धुळीचा लोट अंगावर आला. हरण्या सगळा ताठला. त्याचे मागचे पाय रुतले, डोळ्यांचं पांढरं दिसलं. दुर्गाबाईला कळलं की आता जर कासरा ओढला तर संपलं. जीव 'ओढ' म्हणत होता. तिनं उलट हात सैल सोडला, त्याच्या खांद्याला खांदा लावला आणि विहिरीवर जाताना बोलायची तसं बोलत राहिली. काय बोलली हे तिला नंतर आठवलं नाही. हरण्यानं आडवी पावलं टाकली, तिला ढकलत नेलं, मग जागेवरच मुतला आणि उभा राहिला. घामानं त्याची कूस काळवंडली होती.

समोर मोतीराम पाटलाची जोडी उभी होती. छकड्यावर खुशालराव होते. धोतर खोचलेलं, आखूड पाय छकड्याच्या दांडीला अडकवलेला. तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, इतक्या वर्षांत हा चेहरा आपण घरी पाहिला नाही. तिनं हाक मारली नाही.

पण गर्दी बाजूला झाली होती, आणि खुशालरावांना ती दिसली. धुळीत उभी, हातात सैल कासरा, बाजूला घामेजलेला हरण्या. झेंडीवाला जोडी सोडायला हात वर करत होता. खुशालरावांनी हातातले कासरे मोतीराम पाटलाच्या अंगावर टाकले आणि छकड्यावरून जवळजवळ पडतच उतरले. लंगडत, माणसं ढकलत ते तिच्यापर्यंत आले आणि हरण्याची वेसण त्यांनी मुठीत धरली.

"कावून आणलं याले इथी?" ते म्हणाले. "सुटला असता त तुले तुडवून गेला असता."

"तुमी कावून चढले?"

खुशालरावांनी हरण्याला पटाकडे पाठ करायला लावली. मागून मोतीराम पाटील हाका मारत होता, लोकही काहीबाही बोलत होते. बायकोनं बोलावलं म्हणून उतरला, असं कोणी म्हणालं आणि हशा झाला. खुशालरावांनी मान वळवली नाही. तिघंही परत मंडपाकडे चालू लागले. हरण्या मधे होता, आणि चालत होता.

वामनराव धावत आले आणि त्यांनी आधी हरण्याचे पाय चाचपले. भलतंसलतं काही झालं असतं तर पुन्हा कुठल्याही प्रदर्शनात आपल्याला कोणी उभं केलं नसतं, असं ते मग म्हणाले. दुर्गाबाईनं ऐकून घेतलं. ते खरंच होतं. पण दुपारनंतर मंडपात माणूस मावेना. पटाच्या तोंडाशी एका बाईच्या हातात उभा राहिलेला बैल कुठं आहे, असं विचारत पटातलेच लोक येत होते. हरण्याला हात लावत होते, आणि मागच्या अंगावरच्या टोच्यांशी त्यांचा हात अडखळत होता.

संध्याकाळी हरण्याला गाडीत चढवून ते परतीच्या वाटेला लागले. नांदगाव पेठ मागं पडलं तेव्हा खुशालराव म्हणाले, "मले वाटलं होतं, आता काहीच वाटणार नाई. चढलो त वाटलं, मी कधी उतरलोच नवतो."

"अन् उतरले कावून?"

"तू दिसली."

एवढंच. ती रडली नाही, पण पदर तोंडाशी धरून बसली.

पुढच्या आठवड्यात नांदगाव पेठेचा सूर्यभान नावाचा माणूस एक काळा बैल घेऊन दारात आला. पटातला, तरणाबांड, दोन माणसांना न आवरणारा. बाजारात न्यायला निघालो होतो, म्हणाला, पण बाईचा बैल पाहिल्यापासून मन होईना. चालायला शिकवता येते काय? दुर्गाबाईच्या मांडीवर धान्याचं सूप होतं. ती उठायच्या आत खुशालरावांनी त्याच्या हातातून कासरा घेतला होता.

"सैल धरा," ती म्हणाली.

"ठाऊक हाये मले."

काळा बैल फुरफुरत, मान झटकत विहिरीच्या वाटेला लागला. त्याच्या बाजूनं खुशालराव, आखूड पाय टाकत. दुर्गाबाईनं सूप खाली ठेवलं आणि दारात येऊन उभी राहिली. ती दोघं विहिरीशी पोचेपर्यंत तिनं पापणी लववली नाही, आणि पोचल्यावर, आता परत यायचे आहेत, म्हणून तशीच उभी राहिली.