मोठ्या माणसाची गोळी

“काका, अंगावर पाजणाऱ्या बाईने सर्दीची गोळी घेतली, तर ती बाळापर्यंत पोचते का हो?”

हा प्रश्न मी काशीरामकाकांच्या औषधाच्या दुकानात, भर संध्याकाळी, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारला. आणि हळू नाही, खणखणीत. पैजच तशी होती. माझ्या वर्गातल्या नसीमा आणि सखू समोरच्या बांगड्यांच्या दुकानाआड उभ्या राहून ऐकत होत्या. ‘अंगावर पाजणाऱ्या’ हा शब्द गिळलास तर हरलीस, असं सखूने बजावलं होतं.

घामोळ्यांची पावडर घ्यायला आलेले एक गृहस्थ डब्यावरची बारीक अक्षरं एकदम मन लावून वाचायला लागले. दुसऱ्याला खोकला आला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांच्या गल्ल्यातच हात घातला होता.

“घरातल्या कोणा पुरुषमाणसाला पाठव,” ते म्हणाले.

“घरात पुरुषमाणूस एकच, बाबा. आणि ते मलाच पाठवतात.”

बांगड्यांच्या दुकानाआडून खिदळणं ऐकू आलं. मला मात्र हसू येईना. पैज त्या दोघींची असेल, प्रश्न माझा होता.

दादा मुंबईला गोदीत कामाला. वहिनी माहेराहून तान्ह्या छकुलीला घेऊन आमच्याकडे आली ती सर्दी घेऊनच. बाबा मला पैसे द्यायचे, मी दुकानातून गोळ्या आणायचे, वहिनी त्या सकाळ-दुपार-संध्याकाळ घ्यायची. वहिनीचं नाक मोकळं झालं आणि छकुली झोपायला लागली. नुसती झोपायची. तिला न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या येसूबाई कौतुकाने म्हणायच्या, “काय गुणी पोर हो! आवाज नाय की काय नाय.” मग आई मीठमोहऱ्या घेऊन त्या गुणी पोरीची दृष्ट काढायची.

घाबरली होती ती एकटी वहिनी. “दोनदा चोखते आणि परत डोळे मिटते गो, हेमांगी. गाल बघ कसे बसले. आणि मलाही दूध कमी झाल्यासारखं वाटतंय.” हे तिने मला सांगितलं, आईला नाही. आई म्हणाली असती, तुलाच पाजता येत नाही.

मधल्या सुट्टीत मी हे मैत्रिणींना सांगितलं. नसीमा म्हणाली, “ती गोळीच दुधात उतरत असेल.” सखू म्हणाली, “मग विचार की दुकानात! भाषणात ढाल मिळवलीस ना? का ती बाईंनी पाठ करून घेतलेल्या भाषणापुरतीच?”

असलं कोणी बोललं की मी थांबत नाही.

गिऱ्हाइकं पांगल्यावर काकांनी मला काउंटरच्या टोकाला बोलावलं. आवाज इतका खाली, की जणू चोरीचा माल विकतायत.

“कोण पाजतं?”

“वहिनी.”

“या गोळ्या तिच्यासाठी नेत होतीस?”

“हो. आता छकुली सारखी झोपते. धड पीत नाही.”

काकांनी हातातली गोळ्यांची पट्टी कापायची कात्री खाली ठेवली. “आधी गोळी बंद करा. आणि पोरीला आत्ता डॉक्टरकडे न्या, उद्यावर टाकू नका. या गोळीने झोप येते. दुधातून बाळाला जाते थोडी. कोणाकोणाचं दूधही कमी होतं.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत म्हणजे काय! शिकलोय मी ते.” त्यांचा डिप्लोमा मागे चौकटीत लटकत होता.

“मग विचारलं का नाही?”

“विचारलं की! दर वेळी विचारतो, कोणाला हवी म्हणून. तू काय सांगायचीस? मोठ्या माणसाला.”

सांगायचेच. आईने तसंच शिकवलं होतं. दुकानात वहिनीचं नाव घ्यायचं नाही, ‘मोठ्या माणसाला’ म्हणायचं.

“पण मोठं माणूस पाजणारं आहे का, हे विचारायला नको?”

“अगो बाय, बाईमाणसाला असं विचारलं तर उद्या तिचा दीर काठी घेऊन येईल दुकानावर!”

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. वहिनी पाजते हे घरात सगळ्यांना माहीत. गोळीने झोप येते हे काकांना माहीत. मधे एक एवढासा शब्द, आणि तो उच्चारायची सगळ्यांना लाज. त्या लाजेचा डोस मात्र छकुलीने प्यायचा!

मी धावत घरी गेले, गोळ्या उचलल्या, आणि आई “अगो, काय झालं?” म्हणेपर्यंत वहिनीला आणि छकुलीला रिक्षात बसवलं. डॉक्टरीणबाईंनी छकुलीला तपासलं, वजन केलं, कपाळाला आठ्या घातल्या. गोळी बंद, पोरीला उठवून उठवून पाजा, उद्या परत दाखवा, म्हणाल्या. रात्रभर वहिनी तिचे तळपाय चोळत बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर फाटकापर्यंत छकुलीचं रडणं. असलं गोड भोकाड मी जन्मात ऐकलं नव्हतं! वहिनी रडत होती, हसत होती, आणि ती सटवी भांडल्यासारखी पीत होती.

संध्याकाळी परत नेलं तेव्हा तिला पुन्हा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ठीक आहे. तिथून मी सरळ काशीरामकाकांकडे गेले, त्यांच्याशी जे बोलायचं ते बोलले आणि घरी आले. पाहते तर पडवीत बाबा उभे. पावडरवाले गृहस्थ त्यांना भेटले होते.

“भर बाजारात ओरडून काय विचारलंस तू?”

“जे विचारायला हवं होतं ते.”

“चारचौघांत असलं बोलतात?” आई म्हणाली. “लाज कशी नाही गो तुला?”

“मासळीबाजारात सुरमईचे कल्ले उचकटून कोळणीशी भांडतेस, ते चारचौघांतच ना? तिथे नाही लाज? पोर उपाशी राहिली, आणि आपण दृष्ट काढत बसलो!”

आई छकुलीला घ्यायला आत वळली. बाबा मात्र हटले नाहीत. “पोर बरी झाली ना? झालं तर मग. संपला विषय.”

“संपला? उद्या दुसरी कोणी मोठ्या माणसाला म्हणून गोळी नेईल. काका म्हणतात, पुरुषाने असं विचारायचं कसं? म्हणून मी ठरवलंय. सोमवारपासून शाळा सुटली की मी त्यांच्या काउंटरवर उभी राहणार. गोळी काय द्यायची, द्यायची की नाही, ते काका ठरवतील. पण प्रत्येक बाईला, आणि बाईसाठी न्यायला आलेल्या प्रत्येक बाप्याला, घरात कोणी अंगावर पाजतं का, हे मी विचारणार. मोठ्याने. काकांनी तुमची परवानगी आणायला सांगितलंय, बाबा. पण मी मागायला नाही आले. सांगायला आलेय.”